सिनेमा दिला तो दिला, वर फाइलीसुद्धा!

अहो, ऐकलंत का? तुमच्या कानावर आधीच आलं असेल, पण तरी सांगते, कारण असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत. तिकडे हॉलंडात, ॲमस्टरडॅममध्ये, काही मंडळी गेली वीस वर्षं ॲनिमेशनचे सिनेमे काढतात आणि लोकांना फुकट वाटून टाकतात. फुकट वाटण्यावर माझा आक्षेप नाही. निवडणूक जवळ आली की आपल्याकडेही साड्या आणि देवदर्शनाच्या सहली वाटल्या जातातच. पण या लोकांनी ताळतंत्रच सोडलाय. सिनेमा तर देतातच, वर त्याच्या फाइलीही देतात! सशाचा सांगाडा, त्याच्या अंगावरची लव, झाडाच्या पानाचं टेक्स्चर, कॅमेरा कुठे ठेवला होता, दिवे कुठून मारले होते, सगळं. आणि वर सांगतात, घ्या, बदला, कापा, जोडा, विकलंत तरी चालेल. फक्त आमचं नाव घाला.

विकलंत तरी चालेल! भल्या घरच्या माणसानं असं बोलावं?

एखाद्या नाटक कंपनीनं पहिल्या प्रयोगाचा पडदा पडताच कपडेपट, मेकअपची पेटी, प्रॉम्प्टरची वही आणि प्रकाशयोजनेचा तक्ता उचलून बाहेर आणावा, शिवाजी मंदिरच्या पायरीवर मांडून ठेवावा आणि म्हणावं, न्या मंडळी, उद्यापासून हेच नाटक तुम्ही करा, तिकीटही लावा. आपल्याकडे त्या निर्मात्याला घरचे लोक दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेतील. ॲमस्टरडॅमच्या निर्मात्याला मात्र लोक पुढच्या सिनेमासाठी पैसे आणून देतात. कलियुग म्हणतात ते हेच.

म्हटलं, आधी घराण्याची चौकशी करावी. तर कळलं की हे खूळ आजचं नाही. मूळ पुरुष टोन रोझेनडाल. आइंडहोवन गावात त्याचा निओजिओ नावाचा ॲनिमेशन स्टुडिओ होता. तिथल्या रोजच्या कामाला लागेल म्हणून १९९४ मध्ये त्यानं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. १९९८ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली, गुंतवणूकदार आले, मोठमोठी स्वप्नं पाहून झाली आणि २००२ मध्ये कंपनीला टाळं लागलं. सॉफ्टवेअर गेलं गुंतवणूकदारांच्या कपाटात. शहाण्या माणसानं अशा वेळी दोन दिवस तोंड पाडून बसावं आणि तिसऱ्या दिवशी नोकरी शोधावी. हा गडी कपाटवाल्यांकडेच गेला. म्हणाला, काय घेता? ते म्हणाले, एक लाख युरो. आणि यानं चक्क वर्गणी काढली!

जुलै २००२ मध्ये पावतीपुस्तक उघडलं आणि सात आठवड्यांत लाख युरो जमा. १३ ऑक्टोबरला ब्लेंडर मुक्त झालं, जीपीएल परवान्याखाली. म्हणजे कुणीही वापरा, आत डोकावून पाहा, बदला. मात्र बदललेलं पुढे वाटायचं असेल तर तेही याच अटींवर वाटा. आता मला सांगा, वर्गणी देणाऱ्याला काय मिळालं? जे न देणाऱ्याला मिळालं तेच! तरीही लोकांनी दिली. आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी वर्गणी काढली तेव्हा पहिल्या मजल्यावरच्यांनी काय तोंडं केली होती ते आठवून मला त्या लोकांबद्दल एकाच वेळी आदर वाटला आणि काळजीही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण २००५ मध्ये या मंडळींच्या डोक्यात सिनेमा शिरला. सहा कलाकार, कुणी जर्मनीचा, कुणी फिनलंडचा, कुणी थेट ऑस्ट्रेलियाचा, बिऱ्हाड उचलून ॲमस्टरडॅमला आले. दिग्दर्शक बस्साम कुर्दाली. पैसे कुठून आले? इतर मदत होतीच, पण न झालेल्या सिनेमाच्या डीव्हीडीही आधीच विकल्या. वेळेत पैसे भरा, श्रेयनामावलीत तुमचं नाव घालतो. जो सिनेमा पुढे फुकट मिळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्याची डीव्हीडी लोकांनी आगाऊ पैसे मोजून घेतली. नावापायी माणूस काय करेल सांगता येत नाही.

२४ मार्च २००६ ला ॲमस्टरडॅममध्ये पहिला खेळ झाला. नाव ‘एलिफंट्स ड्रीम’. अकरा मिनिटं. हत्ती औषधालाही नाही. प्रूग नावाचा म्हातारा आणि इमो नावाचा तरुण एका अवाढव्य यंत्राच्या पोटात भटकतात. म्हाताऱ्याला त्या यंत्राचं कोण कौतुक. तरुणाला त्यात काही दिसतच नाही. तारा अंगावर धावून येतात, दरीवर पाऊल टाकलं की पायाखाली आधार उगवतो, आणि शेवटी म्हातारा हातातली काठी हाणतो. दिसायला काय थाट, वा! गोष्ट कळली असं शपथेवर सांगणारा मात्र मला अजून भेटायचाय. हा चित्रपट रेंडर करायला, म्हणजे संगणकाकडून एकेक चौकट रंगवून घ्यायला, १२५ दिवस लागले आणि ते बहुतेक काम अमेरिकेतल्या बोवी स्टेट विद्यापीठानं आपले संगणक देऊन केलं. १२५ दिवस यंत्रं राबली ती एका म्हाताऱ्यानं एका पोराला काठी मारावी म्हणून.

पण थांबा. खरी भानगड पुढेच आहे.

आतल्या गोटातली माहिती अशी की या लोकांना सिनेमा काढायचाच नव्हता. म्हणजे काढायचा होता, पण सिनेमासाठी नाही. त्यांना सॉफ्टवेअर सुधारायचं होतं! सिनेमा निव्वळ निमित्त. नुसतं बसून सॉफ्टवेअर सुधारलं तर प्रोग्रामरला वाटेल तेच तो लिहितो. त्यापेक्षा शेजारच्या खुर्चीवर एक चित्रकार बसवायचा, त्याच्या डोक्यावर प्रदर्शनाची तारीख टांगायची, आणि तो रात्री अकरा वाजता ‘हे होत नाही, ते अडतंय’ म्हणून ओरडला की प्रोग्रामरनं तिथल्या तिथे दुरुस्ती करायची. सकाळी नवं ब्लेंडर. चित्रकार पुन्हा ओरडायला मोकळा. पहिल्या सिनेमातून चित्रांचे थर एकमेकांवर चढवायची नोड पद्धत आली. दुसऱ्या सिनेमाचा विषय काय ठरला असेल? कथा नाही, संदेश नाही. ठरलं एवढंच की मजेदार हवं आणि केसाळ हवं! कारण ब्लेंडरमध्ये केस आणि लव धड जमत नव्हती. चौथ्या वेळी खरी माणसं कॅमेऱ्यानं टिपून त्यांच्याभोवती यंत्रमानव नाचवले, कारण खऱ्या कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आणायची होती. आपल्याकडे हिरोच्या तारखा मिळाल्या की त्यावरून सिनेमा ठरतो. यांच्याकडे सॉफ्टवेअर कुठे दुखतंय ते बघून ठरतो. मला विचाराल तर दोन्हींत कथेचे हाल सारखेच.

प्रकल्पांची सांकेतिक नावं तर अशी की जणू वाशीच्या फळबाजारात बसून ठेवली. पहिला संत्रं, दुसरा पीच, मग एक जर्दाळू (तो खेळ होता, सिनेमा नव्हे), मग ड्युरियन, मग आंबा, मग गूसबेरी. ड्युरियनच्या वासानं म्हणे माणसं खोली सोडतात, तरी त्याचाच सिनेमा सगळ्यांत देखणा निघाला. आंब्याचा निघाला ‘टिअर्स ऑफ स्टील’, २०१२ चा. ॲमस्टरडॅमच्या पुलावर एका मुलाचं आणि यांत्रिक हाताच्या मुलीचं भांडण होतं आणि त्यापायी पुढे सगळं जग धोक्यात येतं. इयन ह्यूबर्टनं दिग्दर्शित केलाय. आंब्याच्या नावाला शोभेल असा रस काही त्यात नाही, पण तंत्र अस्सल.

आता त्या सशाबद्दल. ‘बिग बक बनी’, एप्रिल २००८. सावधपणे बोलायला हवं, कारण हा ससा तुमच्याही घरी येऊन गेलेला असण्याची दाट शक्यता आहे.

सकाळची वेळ. हिरवंगार रान. बिळातून एक अगडबंब ससा बाहेर येतो, आळोखेपिळोखे देतो. पोट सुटलेलं, चेहरा भोळाभाबडा. फुलं हुंगतो, फुलपाखरू पाहून खूश होतो. तेवढ्यात तीन टारगट, एक उडती खार आणि तिचे दोन साथीदार, त्या फुलपाखराचा जीव घेतात. सशाच्या कपाळावर आठी पडते. आणि मग हा शाकाहारी, सज्जन, फुलं हुंगणारा प्राणी काठ्या तासायला बसतो! सापळे लावतो, धनुष्य करतो, एकेकाला बघून घेतो. त्या उडत्या खारीचा तर त्यानं शेवटी दोरीला बांधून पतंग केला आणि निवांत उडवत बसला. संवाद एक नाही. दहा मिनिटांत सूडकथा पूर्ण. मुलांना दाखवावं की नाही याबद्दल आमच्याकडे दोन मतं पडली. मुलांनी तोवर तीनदा पाहून घेतला होता.

पण सशाची खरी कर्मकहाणी याच्या पुढची. हिंजवडीत किंवा ऐरोलीत व्हिडिओचं काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला नुसतं ‘ससा’ म्हणा आणि त्याचा चेहरा पाहा. नवा व्हिडिओ प्लेअर लिहिला, चालतो का बघायचंय? ससा लावा. नवा फोन, नवा टीव्ही, नवी चिप, नवं कॉम्प्रेशन, सगळीकडे ससा. कारण साधं आहे. कंपनीतल्या माणसानं चाचणीसाठी एखादा गाजलेला सिनेमा लावला तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस दारात. सशाला कुणी मालकी हक्कानं हाक मारत नाही. शिवाय त्याची लव, गवताची पाती आणि हलणारी पानं हे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं चांगलं दिवाळं काढतात, म्हणून परीक्षेला बरा. पुढे २०१३ मध्ये तर कुणी हौशी माणसानं दिलेल्या फाइली उघडून तोच ससा पुन्हा रेंडर केला, फोर-केमध्ये, सेकंदाला ६० चौकटी, वर थ्रीडी. मूळ मंडळींना विचारायला जावं लागलं नाही. फाइली होत्याच.

परिणाम काय झाला माहितेय? जगभरच्या अभियंत्यांना त्या सशाचं बिळातून बाहेर येणं तोंडपाठ आहे आणि त्याचा सूड पुरा झाला की नाही याचा पत्ता नाही. व्हिडिओ चालतोय एवढं दिसलं की ते बंद करतात. एवढा गाजलेला नट आणि त्याचा सिनेमा शेवटपर्यंत कुणी बघत नाही, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता ‘सिंटेल’चं, म्हणजे त्या ड्युरियनचं, प्रकरण. २०१० चा सिनेमा, कॉलिन लेव्ही दिग्दर्शक, सप्टेंबरात उट्रेख्टच्या चित्रपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला. एका एकट्या मुलीला जखमी ड्रॅगनचं पिल्लू सापडतं. ती त्याला बरं करते, जीव लावते, आणि मोठा ड्रॅगन येऊन पिल्लू उचलून नेतो. मुलगी त्याच्या शोधात डोंगर, वाळवंट, बर्फ तुडवत जाते. शेवट सांगणार नाही. सांगितला तर तुम्ही म्हणाल, बाईनं मजा घालवली. एवढंच सांगते की शोधण्यात किती काळ गेला हे त्या मुलीला स्वतःलाच कळलेलं नसतं. या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी गोष्टीकडे लक्ष दिलं आणि आमच्या घरी पंधरा मिनिटांनी दोन माणसं नाक पुसताना सापडली.

तर हा सिनेमा. वर्गणी, विक्री आणि इतर मदतीतून बनलेला, सगळ्या जगाला मोकळा. एप्रिल २०१४ मध्ये यूट्यूबवरून एकाएकी गायब! त्या जागी पाटी, की सोनी पिक्चर्सनं हक्क सांगितल्यामुळे हा व्हिडिओ दाखवता येत नाही. सोनीनं! ज्यांनी त्यात एक पैसा घातला नाही, एक रेघ काढली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त या बिळावर ‘सर्वांना प्रवेश मोकळा’ अशी पाटी असूनही नागोबानं वर आपल्या नावाची पाटी ठोकली. बभ्रा झाला, ब्लेंडरवाल्यांनी आवाज उठवला, सिनेमा लवकरच परत दिसू लागला. पण विचार करा, चोरी कशी करायची असा प्रश्नच जिथे उरलेला नाही, त्या घरीसुद्धा कुणीतरी चोरीची फिर्याद नोंदवलीच.

आणि ते शेवटचं नव्हतं. जून २०१८ मध्ये यूट्यूबनं ब्लेंडर फाउंडेशनचे, म्हणजे याच मंडळींच्या संस्थेचे, सगळेच व्हिडिओ जगभर अडवले. गुन्हा काय? त्यांनी आपल्या व्हिडिओंवर जाहिराती लावल्या नव्हत्या! लाखोंनी बघितले जाणारे व्हिडिओ आणि त्यावर एक जाहिरात नाही, हे कुणाला कसं बघवेल? करारावर सही करा म्हणाले. हे म्हणाले, जाहिराती नको. पडला पेच. काही दिवसांनी व्हिडिओ परत आले, पण तोवर या मंडळींनी पीअरट्यूब नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःचा तंबू ठोकूनही पाहिला होता. हट्टीपणा बघा. जाहिरात नको म्हणून माणूस घर बदलायला निघतो, हे पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडे जाहिरात मिळावी म्हणून बदलतात.

मधल्या काळातल्या बाकीच्या कारनाम्यांवर फार वेळ घालवत नाही. पॅटागोनियातल्या कोरो नावाच्या लामाच्या तीन छोट्या फिल्मा आहेत, ‘कामिनान्देस’ नावाच्या. एकीत तो नुसता रस्ता ओलांडू पाहतो आणि तेवढ्यात आपली हसून पुरेवाट होते. पुणे-सातारा रस्त्यावर कधी पायी गेला असाल तर लामाचं दुःख लगेच कळेल. २०१५ चा ‘कॉस्मॉस लॉन्ड्रोमॅट’ म्हणजे फ्रँक नावाच्या मेंढ्याची गोष्ट. हा मेंढा इतका निराश की जीव द्यायला निघालेला, आणि तेवढ्यात एक विचित्र फेरीवाला येऊन त्याला नवं आयुष्य विकू पाहतो. हा सिनेमा बारा मिनिटांचा आणि चक्क अपुरा! मूळ बेत पूर्ण लांबीच्या सिनेमाचा होता, पैसे जमले तेवढी पहिली कडी झाली आणि गोष्ट तिथेच लोंबकळली. सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेनं २०१६ मध्ये त्याला परीक्षकांचा पुरस्कार दिला. मेंढ्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. ही मात्र खरोखर तक्रार आहे, यात चेष्टा नाही.

आता मी हे सगळं का सांगतेय? कारण ही साथ घरापर्यंत आली आहे.

तुमच्या घरात सोळा ते पंचवीस वयाचं कुणी असेल तर त्याच्या लॅपटॉपकडे एकदा बघून घ्या. ब्लेंडर उघडलं की पडद्याच्या मधोमध एक करडा चौकोनी ठोकळा असतो. बिचारा काही मागत नाही, बोलत नाही. प्रत्येक जण पहिली गोष्ट काय करतो, तर तो ठोकळा पुसून टाकतो. त्याच्या जागी काय येतं? डोनट! अँड्र्यू प्राइस नावाचा ऑस्ट्रेलियन शिक्षक आहे, त्याच्या शिकवणीचा पहिला धडा डोनटचा, म्हणून जगभरची मुलं डोनट करतात. गुलाबी आयसिंग, वर रंगीत दाणे, बाजूला कॉफीचा कप. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचं डोनट आठवडाभर चाललं होतं. त्याची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, “काकू, हा दिवसभर तो मेदूवडा घेऊन बसतो, आणि घरी केलेला मात्र खात नाही.” मी त्याला विचारलं, अरे, मोदक का नाही करत? तर म्हणाला, “काकू, कळ्या पाडणं ॲडव्हान्स्ड आहे.” हे मात्र मला पटलं. मलाही अजून एकसारख्या जमत नाहीत.

मग रात्री ‘रेंडर’ लागतो. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत येतो, की-बोर्ड तापतो, आणि वर कागद चिकटवलेला, ‘बंद करू नका’. वडील म्हणतात, विजेचं बिल कोण भरणार? आता त्यांचा हिशेब चुकीचा नाही. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी लागतात. एका चौकटीला दहा मिनिटं धरली तर एका सेकंदाच्या सिनेमाला चार तास. म्हणजे डोनट स्वतःभोवती एक गिरकी घेईतो घरातली सगळी माणसं झोपून उठतात. सकाळी पाहावं तर चौकट क्रमांक ४७ वर लॅपटॉप आपोआप अपडेट होऊन बसलेला. त्या वेळी त्या पोराच्या तोंडचे शब्द ऐकले असते तर त्याच्या आजीनं कानावर हात ठेवले असते.

आणि यात आपल्या संस्थाही सामील आहेत बरं का! मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे, मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारा. त्यात ब्लेंडरचेही धडे आहेत. म्हणजे सरकारच्या पैशानं पोरांना ठोकळे पुसायला शिकवतात.

साथ इतर घरांतही पसरली आहे. फ्रान्सात डेव्हिड रेव्हॉय नावाचा चित्रकार आहे, ‘सिंटेल’च्या आधीच्या संकल्पचित्रांत त्याचा हात होता. तो क्रिटा या मुक्त सॉफ्टवेअरवर ‘पेपर अँड कॅरट’ नावाची एका छोट्या चेटकिणीची आणि तिच्या मांजराची चित्रकथा काढतो आणि तीही सोडून देतो मोकळी. सायबेरियात अल्ताईच्या बाजूला ‘मोरेव्ना’ नावाचा गट आहे; त्यांनी सिनफिग या मुक्त सॉफ्टवेअरवर त्याच चेटकिणीची ॲनिमेशन फिल्म केली. कुणाला विचारायला हवं होतं का? नाही. गरजच नाही. इथे लोक एकमेकांच्या घरात न विचारता शिरतात आणि घरमालक चहा टाकतो.

एक भानगड मात्र या घराण्यातली नसूनही सांगितली पाहिजे, कारण ती सीतेची आहे. नीना पॅली या अमेरिकन बाईनं २००८ मध्ये ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट जवळपास एकटीनं काढला. केला फ्लॅशवर, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर नव्हे. काटेकोर लोक इथे नाक मुरडतात. त्यात ॲनेट हॅन्शॉ या १९२० च्या दशकातल्या गायिकेच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वापरल्या. ध्वनिमुद्रणं जुनी, पण गाण्यांच्या रचनांचे हक्क अजून जिवंत! हक्कवाल्यांनी आधी सुमारे दोन लाख वीस हजार डॉलर सांगितले, घासाघीस होऊन पन्नास हजारांवर आलं. बाईनं कर्ज काढून भरले. आणि एवढं सोसल्यावर तिनं काय करावं? सिनेमा मोकळा सोडला! पुढे २०१३ मध्ये तर त्यावरचे आपले सगळेच हक्क सोडून दिले, नाव द्यायचीही अट ठेवली नाही. पदरमोड करून लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि लष्करानं ओळखही दाखवू नये याची तजवीज करायची.

आता तुम्ही विचाराल, यांचं पोट कसं चालतं? हाच प्रश्न मीही विचारला, कारण आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार असेल तर आपल्याला कळायला हवा. तर कळलं की कलाकारांना पगार मिळतो. लोक दरमहा वर्गणी भरून स्टुडिओचं काम, धडे आणि फाइली घेतात. मोठ्या कंपन्या विकासनिधीत पैसे घालतात. एपिक गेम्सनं २०१९ मध्ये बारा लाख डॉलर दिले. कंपन्यांनाही चांगलं सॉफ्टवेअर हवंच असतं, आणि ते एकट्यानं लिहिण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून लिहिलेलं स्वस्त पडतं. म्हणजे कोहळा कुणी काढलाच असेल तर तो सगळ्यांनी थोडा थोडा काढलाय.

आणि मग ते मांजर आलं.

लॅटव्हिया माहितेय ना, बाल्टिक समुद्राच्या काठचा चिमुकला देश. तिथल्या गिंत्स झिल्बालोदिसनं ‘फ्लो’ नावाचा सिनेमा केला. जगात पूर आलाय, माणूस कुठे दिसत नाही, आणि एक काळं मांजर नावेत चढतं. सोबत एक कॅपिबारा, एक कुत्रा, एक लेमूर, एक मोठा पांढरा पक्षी. संवाद नाही. सगळा सिनेमा ब्लेंडरवर. रेंडर करायला ईव्ही, म्हणजे ब्लेंडरचंच झटपट काम करणारं इंजिन, जे २०१९ च्या आवृत्तीत आलं. खर्च सुमारे पस्तीस लाख युरो. ऑस्करच्या शर्यतीत समोर कोण? ‘इनसाइड आउट २’, ज्याचा खर्च वीस कोटी डॉलरच्या घरात! आणि २ मार्च २०२५ ला ऑस्कर नेला त्या मांजरानं. लॅटव्हियाचा पहिलावहिला ऑस्कर. कानामागून आली आणि तिखट झाली.

ज्या सॉफ्टवेअरला २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून कपाटातून सोडवलं होतं, ज्याची लव सुधारायला एक ससा राबला, ज्याच्यासाठी एका मेंढ्याची गोष्ट अपुरी राहिली, त्या सॉफ्टवेअरवर. आता मात्र एक गोष्ट कुजबुजून सांगते: ‘फ्लो’ स्वतः मोकळा नाही. रीतसर हक्क राखलेला, रीतसर तिकीट लावलेला सिनेमा आहे. मांजरानं फाइली वाटलेल्या नाहीत. काही कट्टर मंडळींना हे टोचतं. मला नाही टोचत. मांजराकडून कुणी कधी काही वाटून खाण्याची अपेक्षा केली होती का? अवजार सगळ्यांचं, त्यातून केलेली वस्तू ज्याची त्याची. ज्याला वाटायची आहे त्यानं वाटावी. ससा आणि ड्रॅगन ज्यांनी वाटले त्यांचं मन मोठं, एवढं म्हणून सोडून देऊ.

मात्र माझी खरी तक्रार ॲमस्टरडॅमशी नाही, ती आपल्याशीच आहे. सोळा वर्षांचं पोर आठवडाभर गुलाबी डोनट करत बसतं आणि आपण त्याच्या विजेच्या बिलाचा हिशेब करतो. ‘सिंटेल’मध्ये मोजकेच संवाद आहेत, त्याला मराठी आवाज द्यायला ना कुणाची परवानगी लागते, ना हक्काचे पैसे. पुण्या-मुंबईत आवाज देणारे, नाटकात काम करणारे, एकांकिका स्पर्धांत चषक मिळवून घरी बसलेले कितीतरी जण आहेत. एक चांगला माइक, एक शांत खोली आणि दोन रविवार एवढंच लागेल. करा आणि शाळेत दाखवा, गणपतीच्या मंडपात दाखवा, हवं तर तिकीट लावा. फक्त शेवटी ब्लेंडर फाउंडेशनचं नाव घाला. त्या निर्लज्ज लोकांनी एवढंच मागितलंय.